वंशभेद आणि जातिभेद यांवर मोकळेपणाने बोलायला शिकवणारी कार्यशाळा : फी वसूल होते का?

कोल्हापुरातल्या दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात शनिवार-रविवार अशी दोन दिवस भरणारी ही कार्यशाळा पुण्याची एक संस्था चालवते. माणशी फी 2,200 रुपये असून त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, चहा आणि एक पुस्तिका येते. वंश, वर्ण आणि जात यांवरून होणाऱ्या भेदभावाबद्दल घरात, वर्गात किंवा कामाच्या ठिकाणी भांडण न करता आणि सारवासारवही न करता कसे बोलावे, हा तिचा विषय आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या काही तक्रारी प्रशिक्षकांच्या वागण्याविषयी आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी या प्रकारच्या कोणत्याही कार्यशाळेला लागू पडतील.

तीसेक माणसे होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीने आपले एचआरचे लोक आणि सुपरवायझर धाडले होते. शाळांतील काही शिक्षिका, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, दोन वकील, मुले अमेरिकेत किंवा जर्मनीत असलेली काही जोडपी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना दुपारपर्यंत सगळेच गुरुजी म्हणू लागले, अशी ती मंडळी होती. एवढी सरमिसळ असलेला वर्ग मिळणे हेच निम्मे यश आहे, आणि त्याचे श्रेय आयोजकांना द्यायला हवे.

पहिल्या दिवसाची सकाळ वंश या कल्पनेला दिलेली आहे आणि दोन दिवसांतले ते सर्वांत नेटके शिकवलेले सत्र आहे. युनेस्कोने 1950 मध्ये वंशाविषयी काढलेल्या निवेदनापासून सुरुवात होते. कोणत्याही दोन माणसांची जनुके सुमारे 99.9 टक्के सारखी असतात. उरलेल्या फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसांमध्ये आढळतो, असे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्ये दाखवून दिले होते. मंगळवार पेठेतल्या दोन शेजाऱ्यांमध्ये असणारा फरक त्या पेठेतला माणूस आणि नायजेरियातला माणूस यांच्यातल्या फरकापेक्षा फार कमी असेलच असे नाही, हे प्रशिक्षिकेने सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी "मग आमच्या शेजाऱ्याशी जमत नाही ते बरोबरच आहे" असे म्हणाले आणि वर्ग हसला. वंश ही जीवशास्त्रातली वस्तू नाही, परंतु तिच्या नावाने उभारलेले कायदे, नकाशे आणि तुरुंग मात्र पूर्णपणे खरे आहेत, हा मुद्दा त्या हशानंतर फारसा जोर न लावता गळी उतरला.

या सत्रात सांगितलेली भगतसिंग थिंद यांची हकिकत ऐकण्यासाठी तरी माणसाने यावे, असे मला वाटते. अमृतसर जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेले थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेथील कायद्यानुसार तेव्हा नागरिकत्व घेण्याची मुभा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना होती. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा थिंद यांचा दावा होता. एवढेच नव्हे तर लग्नसंबंधांच्या बाबतीत गोरा अमेरिकी माणूस निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे पाहतो, असा युक्तिवादही त्यांच्या बाजूने मांडला गेला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे ठरवले. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि भारतीयांना ते दार पुन्हा उघडायला 1946 उजाडावे लागले. एका माणसाने वंशद्वेषातून सुटण्यासाठी जातीचा दाखला पुढे केला आणि तो दाखला समोरच्याने वाचलाही नाही. मुलगा सिअ‍ॅटलला असलेल्या एका गृहस्थांनी ही गोष्ट ऐकून वहीत काहीतरी बराच वेळ लिहिले. त्याच सिअ‍ॅटलने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा नियम केला आणि असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर ठरले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात याच हेतूने आलेल्या विधेयकावर राज्यपालांनी सही करायला नकार दिला, हेही त्यांना तिथेच कळले.

मुद्दाम वंशापासूनच सुरुवात का, असे एका वकिलाने विचारले. लांबच्या गोष्टीवर माणूस मोकळा बोलतो, मग त्याला जवळ आणता येते, असे उत्तर मिळाले. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केली होती. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते सहा वर्षे आधी अमेरिकेत स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे सादर झालेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि ड्यू बॉइस यांनी त्याला आपुलकीने उत्तरही दिले होते.

इथे प्रशिक्षिकेने एक गोष्ट चांगली केली, जी अशा कार्यशाळांत क्वचित होते. जात म्हणजे वंशच, असे सोपे समीकरण तिने मांडले नाही. जातींचा उगम वंशभेदात आहे हे मत बाबासाहेबांनी स्पष्ट शब्दांत नाकारले होते, आणि तरीही दोन्हीकडच्या माणसांच्या स्थितीतले साम्य त्यांना पत्र लिहिण्याइतके जवळचे वाटले होते; या दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या आहेत, असे तिने सांगितले. 2001 मध्ये डर्बन येथे झालेल्या वंशद्वेषविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारनेही जात म्हणजे वंश नव्हे असेच म्हटले होते, पण ते जातीचा विषय चर्चेला येऊ नये म्हणून. तेच विधान एकाने बोलणे सुरू करण्यासाठी केले आणि दुसऱ्याने बंद करण्यासाठी, हा फरक मला स्वतःला संपूर्ण कार्यशाळेतला सर्वांत उपयोगी वाटला, कारण पुढे दुसऱ्या दिवशी वर्गात जे काही घडले ते याच फरकाभोवती घडले.

दुपारच्या जेवणाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. जेवण चांगले होते, परंतु पूर्ण शाकाहारी होते, आणि "सर्वांना चालावे म्हणून" असे कारण फलकावर लिहिले होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात, जात आणि भेदभाव यांवरच्या कार्यशाळेत, ते "सर्व" कोण, असा प्रश्न ताट हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एका शिक्षिकेने विचारला. आयोजकांपाशी उत्तर नव्हते. पण तो प्रश्न त्यांनी दुपारच्या सत्रात घेतला असता तर पुढची फजिती टळली असती.

ती फजिती म्हणजे "पाऊल पुढे, पाऊल मागे" हा खेळ. अमेरिकेत हा खेळ बराच रुळलेला आहे. सर्वांनी एका रेषेत उभे राहायचे, प्रशिक्षक एकेक विधान वाचतो, आणि ज्याला ते लागू पडते त्याने पाऊल पुढे किंवा मागे टाकायचे. आजोबा शिकलेले होते का, घर भाड्याने घेताना आडनाव सांगावे लागले म्हणून घर हुकले का, शाळेत पाणी वेगळे प्यावे लागले का, असे ते प्रश्न. शेवटी पुढे कोण आणि मागे कोण हे सर्वांना दिसते आणि पुढच्यांचे डोळे उघडतात, अशी त्यामागची कल्पना आहे. सभागृह लहान होते, त्यामुळे नर्सिंगची एक मुलगी मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तरी प्रश्न संपेनात. दुपारच्या प्रशिक्षकाने तिला सर्वांसमोर "ताई, आता कसे वाटते?" असे विचारले. ती म्हणाली, "सर, मला हे घरातनंच माहीत होतं. ह्यासाठी फी भरायची गरज नव्हती." कोणी हसले नाही. प्रशिक्षकाने "धन्यवाद, फार धाडसाने बोललात" असे म्हणून पुढचा फलक लावला.

माझी या कार्यशाळेविषयीची मुख्य तक्रार ती हीच. पुढे उभ्या असलेल्यांना शिकवण्यासाठी मागे उभ्या असलेल्याला प्रदर्शनात मांडायचे, आणि त्यासाठी दोघांकडूनही सारखीच फी घ्यायची, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो ते मला कळत नाही. शिवाय ज्या गावात माणसे एकमेकांची आडनावे, भावकी आणि पाहुणे तीन पिढ्यांपर्यंत ओळखतात, तिथे हा खेळ सोमवारी सकाळी बाजारात येऊन पोहोचतो. न्यूयॉर्कमध्ये तीस अनोळखी माणसे एकत्र आणणे सोपे आहे, दसरा चौकात नाही. ज्याला मागे जायचे नाही त्याला बाजूला बसून पाहण्याची मुभा आहे, असे खेळाआधी एकदा सांगितले गेले होते, पण बाजूला बसलेल्याचे बसणेही सर्वांना दिसतेच.

दुसरा दिवस मात्र वेगळ्या प्रशिक्षिकेचा होता आणि वेगळ्या दर्जाचा होता. वयाने पन्नाशीच्या, मूळच्या गडहिंग्लजकडच्या, आणि बोलीत कोल्हापूर उतरलेल्या या बाईंनी सकाळभर फक्त ऐकण्याचा सराव घेतला. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने आपल्याला झालेल्या किंवा आपल्यासमोर झालेल्या अपमानाचा एक प्रसंग सांगायचा, आणि दुसऱ्याने ठरावीक वेळ "पण" हा शब्द वापरायचा नाही, सल्ला द्यायचा नाही आणि आपली गोष्ट मध्ये घालायची नाही. त्याने फक्त पुढे काय झाले, तेव्हा कोण कोण होते, नंतर कोणाला सांगितलेस, असे विचारायचे. ऐकायला हे पोरकट वाटते. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला खोलीतले निम्मे लोक "पण त्याचा तसा उद्देश नसेल" या वाक्यावर अडकलेले होते आणि बाई प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून "गप बसा, अजून संपलं न्हाई तिचं" असे म्हणत फिरत होत्या.

या सरावाच्या पाठीशी अभ्यास आहे, आणि तो बाईंनी थोडक्यात सांगितला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या दोन अभ्यासकांनी 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मायामी शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार गेले, ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी लोकांशी सुमारे दहा मिनिटे बोलले, त्यांना दोष न देता त्यांचाच एखादा वेगळे पडल्याचा अनुभव विचारून ऐकून घेतला. त्यातून पूर्वग्रह जो कमी झाला तो तीन महिन्यांनंतरही टिकून होता. उलट नोकरदारांना सक्तीने बसवून दिलेल्या प्रशिक्षणाचा अनुभव निराळा आहे. समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली, तेव्हा सक्तीच्या प्रशिक्षणानंतर पाच वर्षांनीही व्यवस्थापनातले कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढलेले नव्हते, काही गटांचे तर घटले होते. फिलाडेल्फियातल्या एका दुकानात कामानिमित्त भेटायला येणाऱ्या माणसाची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाल्यावर स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीने 29 मे 2018 रोजी अमेरिकेतली आपली आठ हजारांहून अधिक दुकाने दुपारभर बंद ठेवून सर्वांना असेच बसवले होते. फौंड्रीच्या सुपरवायझरांपैकी निम्मे जण पहिल्या दिवशी टेबलाखाली मोबाइल पाहत होते, ते मला त्या वेळी आठवले. त्यांना कंपनीने धाडले होते. ते आले नव्हते.

तरीही त्यांच्यापैकीच एकाने दुसऱ्या दिवशीचे सर्वांत खरे बोलणे केले. फौंड्रीत ओडिशा आणि बिहारची पोरे काम करतात, सगळ्यांना मिळून "ए बिहारी" अशीच हाक जाते, एका काळ्यासावळ्या मुलाला तर तिसऱ्या दिवसापासून "काळू" म्हणतात, आणि तो हसतो, म्हणून त्याला चालते असे आम्ही धरून चाललो, असे तो म्हणाला. बाईंनी लगेच उपदेश केला नाही. त्यांनी वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याची आठवण सांगितली. आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात असताना त्याला हेच नाव पडले होते, त्याचा अर्थ काहीतरी कौतुकाचा असेल असे समजून तोही हसायचा, आणि अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर, जून 2020 मध्ये, खरा अर्थ कळल्यावर त्याने जाहीरपणे जाब विचारला. मग बाईंनी सुपरवायझरला विचारले, "त्या पोराचं नाव काय?" त्याने बराच विचार केला आणि नाव सांगितले. "आडनाव?" ते त्याला ठाऊक नव्हते. पगारपत्रकावर असेल, असे तो म्हणाला.

ईशान्य भारतातून येऊन इथल्या हॉटेलांत आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींचा विषयही निघाला, पण घाईत उरकला गेला. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातल्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो दगावला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येतल्या लोकांच्या अडचणी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली होती. मुलांना वर्गात सांगण्यासारखे हे आपल्याच देशातले वंशद्वेषाचे ठळक उदाहरण आहे, आणि शिक्षिका त्याची मागणीही करत होत्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या दाखवून तिथे घरकर्ज नाकारणाऱ्या अमेरिकेतल्या नकाशांना पहिल्या दिवशी तास-दीड तास देणाऱ्या कार्यशाळेने याला दहा मिनिटे द्यावीत, हे प्रमाण चुकले आहे.

त्यानंतर शाहू महाराज आले. कोल्हापुरातल्या अशा कोणत्याही बैठकीत ते यायचेच, आणि बहुधा विषय संपवण्यासाठी येतात. गुरुजी उठून म्हणाले, "ही शाहूंची भूमी आहे, मॅडम. महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच इथली जातपात मोडून काढली. अमेरिकेचं अमेरिकेला." पुष्कळांनी माना डोलावल्या. खरे तर त्यांनी सांगितलेल्यात खोटे काहीच नव्हते. 26 जुलै 1902 च्या आदेशाने संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा राजा दुसरा नव्हता. 21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून भर सभेत गौरवले, ते ठिकाणही याच जिल्ह्यात आहे.

बाईंनी गुरुजींना खोडून काढले नाही. "गुरुजी, तुमच्या गावात पाणवठा एकच होता का?" एवढेच त्यांनी विचारले. गुरुजी म्हणाले, "मी सातवीत असेपर्यंत विहिरी दोन होत्या. आता नळ आहे, आता तसलं काय न्हाई." मागून एका वकिलाने विचारले, "आणि स्मशान?" गुरुजी थांबले, आणि म्हणाले, "ती आहेत दोन." पुढे दहा-पंधरा मिनिटे त्या खोलीत जे बोलणे झाले तसे मी कोल्हापुरात जाहीर जागी क्वचितच ऐकले आहे. कोणाच्या गावात मिरवणूक कुठून वळते, फ्लॅट दाखवणारा एजंट "पाहुणं कुठलं?" असे विचारून नेमके काय काढून घेतो, जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर 2020 मध्ये सरकारने घेतला तरी पाटी बदलल्यावर पत्ता सांगताना लोक काय म्हणतात, हे सगळे त्यात आले. गुरुजीही त्यात बोलले, आणि सर्वांत जास्त तपशील त्यांच्यापाशीच होता.

मग बाईंनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची गोष्ट सांगितली, जी कोल्हापुरात सर्वांना अर्धीमुर्धी माहीत असते. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या, दरबारच्या नोकरीतल्या या माणसाला महाराजांनी धंद्यासाठी मदत केली, त्याने भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले, आणि गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवून चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. इथे बाईंनी विचारलेला प्रश्न नेमका होता: सोबतच्या मंडळींना त्या वेळी काय वाटले असेल आणि ते घरी जाऊन काय बोलले असतील? महाराजांच्या जागी स्वतःला बसवणे सर्वांना जमते. सोबतच्या माणसाच्या जागी बसून बोलताना वर्गाला घाम फुटला, आणि माझ्या मते ही कार्यशाळा ज्या एका क्षमतेसाठी घ्यावी ती हीच.

शेवटचे सत्र कोल्हापुरी चपलांवर होते आणि ते थोडक्यात हुकले. जून 2025 मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता मांडली, तेव्हा इथे केवढा संताप झाला होता ते सर्वांना आठवत होते. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि कंपनीला अखेर प्रेरणा कुठली ते कबूल करावे लागले. गोऱ्यांनी आमची कला चोरली, यावर वर्ग एका सुरात बोलला. बाईंनी मग पिशवीतून कापशी प्रकारची एक कोल्हापुरी चप्पल काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या तळावर बोट ठेवून विचारत गेल्या: बाभळीची साल आणि हिरडा वापरून हे कातडे कोणी कमावले, तळ कोणी कापला, वेणी घरात बसून कोणी विणली, त्या वस्तीत तुमच्यापैकी कोण कोण जेवला आहे? चपला बनवणाऱ्या कारागिरांच्या सुभाषनगरात वाढलेला एक तरुण वर्गात होता. त्याने आपणहून सांगितले की "आमची कला" हे शब्द त्याने त्या जून महिन्यात पहिल्यांदाच इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले. यावर बोलायला हवे होते, पण घड्याळात पाच वाजले होते आणि प्रमाणपत्रे वाटायची होती.

पुस्तिकेबद्दल सांगण्यासारखे फार नाही. उदाहरणे जवळपास सगळी परदेशी आहेत आणि कागद चांगला आहे. नंतरच्या मदतीसाठी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता सुप्रभातचे संदेश आणि एका सदनिकेची जाहिरात येते. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे वयस्कांनी लक्षात घ्यावे.

मुले परदेशी पाठवणाऱ्या पालकांनी, शिक्षकांनी आणि ज्यांच्या हाताखाली परप्रांतातली माणसे काम करतात त्यांनी ही कार्यशाळा करावी, असे मी सांगेन, मात्र स्वतःच्या इच्छेने. कंपनीने फी भरली म्हणून येणाऱ्यांनी रविवार घरी घालवला तरी चालेल. ज्यांनी हे सगळे भोगलेले आहे त्यांना या कार्यशाळेत नवीन काही मिळणार नाही, आणि पहिल्या दिवसाची दुपार त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. आयोजकांनी तो खेळ काढून टाकावा आणि ते तास दुसऱ्या प्रशिक्षिकेला द्यावेत. हे मी अभिप्रायाच्या अर्जावर लिहून दिले आहे. फक्त रविवारची नोंदणी घेता का, असे विचारल्यावर कार्यालयातून 1,200 रुपयांत घेतो असे उत्तर मिळाले, पण ते त्यांच्या पत्रकावर छापलेले नाही, तेव्हा फोनवर आपणहून विचारावे, आणि त्या दिवशी गडहिंग्लजच्या बाईच शिकवणार आहेत ना, याचीही खात्री करून घ्यावी.